कपाटातील रिकामी जागा

शाळेचा मुख्याध्यापक घरी खेळण्यातल्या मोटारी जमवतो हे कळल्यावर पाहुण्यांच्या चेहऱ्यावर जे हसू उमटते, त्याची मला आता सवय झाली आहे. खेळणी म्हणा हवे तर! पण जस्ताच्या मिश्रधातूचा रस साच्यात दाबून घडवलेल्या त्या प्रतिकृती असतात. खऱ्या मोटारीचे ४३ सेंटिमीटर म्हणजे प्रतिकृतीचा १ सेंटिमीटर. त्यातही माझा ओढा जुन्या टूरिंग शर्यतींच्या मोटारींकडे. ज्या मोटारीतून गृहस्थ कचेरीत जातो, मुलांना फिरावयास नेतो, तिच्याच सख्ख्या बहिणीला शर्यतीत उतरवायचे, ही कल्पनाच मला मोठी लोभस वाटते.

जिम क्लार्कची पांढरी, हिरव्या पट्ट्याची लोटस कॉर्टिना माझ्यापाशी आहे. १९६४ साली तिच्या बळावर त्याने ब्रिटनचे सलून मोटारींचे अजिंक्यपद मिळवले. वळणावर तिचे आतल्या बाजूचे पुढचे चाक हवेत उचलले जाई. माझी मात्र चारही चाके टेकून शहाण्या मुलीसारखी उभी असते. पलीकडे बीएमडब्ल्यू ३.० सीएसएल. १९७३ साली तिला असे पंख बसवले, की पश्चिम जर्मनीच्या रस्त्यांवर ते लावून फिरण्यास कायद्याची आडकाठी; म्हणून ते डिकीत ठेवून गिऱ्हाइकाच्या स्वाधीन करीत. हा किस्सा मी प्रत्येक पाहुण्यास ऐकवतो.

या दोहोंमधली जागा रिकामी आहे. तिच्याविषयी आजवर कोणास सांगितले नाही.

१९९८ साली मी साधा शिक्षक होतो. सातवीच्या तासाला एक मुलगा बाकाखाली मोटार फिरवताना सापडला. मी ती हिसकावून घेतली, उलटी केली आणि चमकलो. तळाशी ‘निकी’ हे नाव होते. लिव्हरपूलच्या डिंकी टॉईजचे काही जुने साचे १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात भारतात आले. त्यांतून कलकत्त्यास घडलेली ही जॅग्वार मार्क टू. खेळणे ३.४ लिटरच्या गाडीचे. पण तिच्याच ३.८ लिटरच्या बहिणीवर पीटर नोकरने १९६३ साली युरोपचे पहिले टूरिंग अजिंक्यपद जिंकले होते. कितीतरी दिवस मी अशी गाडी शोधत होतो.

मुलगा दोनदा मागावयास आला. ‘वडिलांना घेऊन ये,’ मी म्हणालो. नियम होताच तसा; पण त्या दिवसांत मला नियमाची आठवण जरा अधिकच होत होती. वडील आले नाहीत. पुढे त्यांची बदली झाली, मुलाचे नाव पटावरून कमी झाले, आणि टेबलाच्या खणातली जॅग्वार माझ्या कपाटात आली. इतकी वर्षे मी तिच्यावरची धूळ मऊ कुंचल्याने झाडत आलो.

गेल्या दिवाळीनंतर एक गृहस्थ जुन्या दाखल्याची नक्कल मागावयास कार्यालयात आले. बरोबर पाच-सहा वर्षांची मुलगी. अर्जावरचे नाव वाचून माझा हात थबकला. त्यांनी मोटारीचा विषयही काढला नाही. ‘दाखला उद्या मिळेल,’ असे मी सांगितले. वास्तविक तो तेव्हाच देता आला असता.

दुसऱ्या दिवशी दाखल्याबरोबर जॅग्वार टेबलावर ठेवली. ते कितीतरी वेळ पाहत राहिले. ‘सर, ही आजोबांची,’ ते म्हणाले. ‘हरवली असं सांगून मी घरी मार खाल्ला होता.’

मला काही बोलता आले नाही. तेवढ्यात मुलीने मोटार उचलली आणि फरशीवरून भरधाव सोडली. ती कपाटाच्या पायावर आदळली. रंगाचा टवका उडाला.

‘अगं, हळू!’ माझ्या तोंडून निघून गेले.

तिने वळूनही पाहिले नाही. मोटार पुन्हा सोडण्यासाठी ती केव्हाच दाराशी जाऊन बसली होती.