मधले दोन तास

आमच्या पुतणीची पत्रिका अर्ध्या तासात जुळली. अमेरिकेतल्या नवऱ्याकडे जायची विमानं जुळवायला मात्र आठवडा लागला. जावईबापूंनी सुचवलं, मुंबई ते नेवार्क, दोन तासांनी क्लीव्हलंड. ‘काका, स्वस्त पडतं!’

आता गंमत बघा. इमिग्रंट व्हिसावाल्याची तपासणी अमेरिकेतल्या पहिल्याच विमानतळावर होते. रांग, प्रश्न, बोटांचे ठसे. बॅगाही तिथंच उचलून, कस्टम्स पार करून पुन्हा द्यायच्या. शेवटी व्हिसावर शिक्का. तोच वर्षभर ग्रीन कार्डाचं काम करतो. एवढ्या मोलाचा शिक्का दोन तासांत? आमच्या बँकेत तेवढ्यात पासबुक भरून मिळत नाही!

मी पाच तासांनंतरचं विमान घ्यायला लावलं. पोरीनं दोन वर्षं नवऱ्याविना काढली. जादा तीन तास तर नुसते खुर्चीत बसून काढायचेत.