सेकंदकाटा

नर्सिंगच्या जीएनएमला नंबर लागला तेव्हा वडिलांनी वसमतच्या मोंढ्यात हळद घातली आणि येताना माझ्यासाठी घड्याळ आणलं. सोनेरी, तबकडी चिंचोक्याएवढी. तीन वर्षं मिरवलं. नाडी मात्र वॉर्डातल्या भिंतीवरच्या घड्याळावर मोजायची. ते बंद असलं की अंदाजे.

हिंगोलीत पाठ्यनिर्देशिका म्हणून रुजू झाले, त्या दिवशी मोठ्या मॅडमनी माझं मनगट हातात घेतलं. "घड्याळ छान आहे गं. सेकंदकाटा कुठाय?"

नव्हताच.

त्यांचं एचएमटी, चावीचं. पट्टा काढून टाकलेला, सेफ्टी पिनेनं छातीवर टांगलेलं, तेही उलटं. समोरच्याला बारा खाली दिसायचे. त्यांनी मान खाली घातली की सरळ. मनगटावर घड्याळ असलं की हात नीट धुतले जात नाहीत, हे त्यांचं म्हणणं. पोरी मागे हसायच्या. जिल्हा 1999 सालीच वेगळा झाला होता, पण आम्ही खरेदीला अजून परभणीलाच पळायचो. तिथून मी सेकंदकाट्याचं साधं घड्याळ आणलं. सोनेरी डबीत गेलं.

नाडी पंधरा सेकंद मोजून चारनं गुणायची रीत सगळीकडे चालते, पुस्तकातही सापडते. मॅडमच्या हाताखाली चालायची नाही. "चारनं गुणलं की चूकसुद्धा चारपट होते." मला तो हट्टीपणा वाटायचा. भरलेल्या वॉर्डात एकेकाला अख्खं मिनिट द्यायचं म्हणजे दुपारचं जेवण विसरा.

मग एकदा कळमनुरीकडच्या गावात पोरींना घेऊन गेलो होतो. हळद शिजवायचे दिवस, सगळ्या गावाला तोच वास. सात महिन्यांचं लेकरू, खोकला. विद्यार्थिनीनं पंधरा सेकंदांत 12 श्वास मोजले. म्हणजे 48. त्या वयाला मिनिटाला 50 किंवा वर गेले की न्यूमोनियाचा संशय, तेव्हा बाळ सुटलं. मॅडमनी ते आईच्या मांडीवर शांत होऊ दिलं, झबलं वर केलं आणि बघत राहिल्या. आजी वैतागली, "पोटाकडं काय बघायलात वो बाई?" मिनिट संपलं. 54. तान्ही लेकरं एका चालीनं श्वास घेतच नाहीत. मध्येच धावतात, मध्येच रेंगाळतात. आमच्याच जीपनं बाळाला दवाखान्यात नेलं.

मोठ्या माणसाची गोष्ट निराळी. श्वास मोजतायत हे त्याला कळलं की तो भलताच श्वास घेतो. म्हणून नाडी मोजून झाली तरी बोटं मनगटावरच ठेवायची, नजर छातीवर सरकवायची. ही लबाडी शिकवताना मॅडम फार रंगायच्या. करोनात बोटाला लावायचा चिमटा घरोघर आला. नाडी सांगतो, ऑक्सिजन सांगतो. "श्वास विचार की त्याला," म्हणायच्या.

शेवटच्या आठवड्यात त्यांच्या खाटेशी मी होते. नाडी मोजली, अख्खं मिनिट. मधूनमधून ठोका चुकत होता. बोटं तशीच ठेवली, नजर वर नेली.

"श्वास मोजायलीस ना?" डोळे मिटलेलेच.

"नाही मॅडम, नाडी."

त्या गालात हसल्या आणि कवायतीला उभं राहिल्यासारखे एकसारखे, लांब श्वास घ्यायला लागल्या. मी चार्टवर 16 लिहिलं. खोटं होतं. तपासायला त्यांनी चार्ट मागितला नाही.