मधल्या काकूंचीं चार मुलें

आमच्या मधल्या काकूंस मूलबाळ नव्हतें, हें धामणगांव बढे येथील जुन्या मंडळींस ठाऊक आहे. असें असतां आमच्या घराण्याच्या वंशवृत्ताची छापखान्यांत द्यावयाची प्रत वाचतांना त्यांच्या नांवाखालीं चार मुलें आढळलीं! नांवें ओळखीचीं होतीं. तीं आम्हां भावंडांचींच.

वंशवृत्त आम्हीं संगणकावर 'वर्ड'मध्यें लिहिलें आहे. प्रत्येक दांपत्याचा एक विभाग, आणि त्याखालीं अपत्यांचें कोष्टक. हीं कोष्टकें वेंचून शेवटीं सूची तयार करण्यासाठीं आमच्या नातवानें एक मॅक्रो रचला. मॅक्रो म्हणजे यंत्रानें क्रमानें पाळावयाच्या आज्ञांची मालिका. काकूंच्या विभागांत कोष्टकच नव्हतें. तेथें यंत्र थांबून '५९४१' हा क्रमांक दाखवी. मागितलेली वस्तु या समूहांत नाहीं, असा त्याचा अर्थ. ही चौकट वारंवार येऊं लागल्यानें कंटाळून चिरंजीवांनीं आरंभींच 'ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट' ही आज्ञा घातली. म्हणजे चूक होवो, पुढील ओळीवर चला! नवें कोष्टक हातीं आलें नाहीं, म्हणून आधींच्या विभागाचें, आमच्या वडिलांचें, कोष्टक चलपदांत तसेंच राहिलें आणि काकूंच्या नांवावर चढलें. पाढे म्हणतांना अडलेला मुलगा शेजाऱ्याच्या सुरांत सूर मिसळून वेळ मारून नेतो, त्यांतलाच प्रकार. अशीं मुलें आम्हीं पुष्कळ पाहिलीं आहेत.

दिवाळींत आम्ही दोघे बसलों. प्रथम ती आज्ञा काढून चौकट पुन्हां येऊं दिली. 'डीबग' दाबतांच दोषी ओळ पिवळी झाली. मग कोष्टक मागण्यापूर्वीं त्यांची संख्या विचारण्याची ओळ घातली. संख्या शून्य असेल, तर ती चूक नव्हे, ती वस्तुस्थिति. पाणिनीनें न दिसण्यालाहि 'लोप' अशी संज्ञा दिली, ती व्यर्थ नव्हे. नातू हंसला, पण ओळ राहिली. खरोखर अनपेक्षित चुकांसाठीं 'ऑन एरर गोटू' लिहून शेवटीं निराळा भाग केला. तेथें चुकीचा क्रमांक, तिचें वर्णन आणि विभागाचा अंक वेगळ्या पानावर उतरतो, आणि मगच यंत्र पुढें जातें. त्या भागापूर्वीं 'एक्झिट सब' घालावयास आम्ही विसरलों. तेव्हां सर्व काम निर्विघ्न पार पडूनहि यंत्र त्यांत शिरलें आणि विसाव्या क्रमांकाची नवीच चूक दाखवून बसलें: चूक नसतां पुढें कशाच्या जाऊं?

"आजोबा, काकूआजींच्या नांवाखालीं 'निःसंतान' लिहूं का?" नातवानें विचारलें.

तो शब्द आम्हांस लिहवेना. आमची आई लवकर गेली. आम्हां चौघांस वाढविलें तें काकूंनींच. तेवढें एक वाक्य तेथें घालावयाचें ठरलें. परंतु तें कोणत्या कोष्टकांतून उचलावें, हें नातवास मॅक्रोला सांगतां येईना. शेवटीं आम्हींच एका बोटानें तें टाइप केलें.