म्यानावरचा ड्रॅगन

आज पुन्हा चिनी तलवारींचे फोटो मोठे करकरून बघत बसले. झेजियांग प्रांतातल्या लाँगच्वानची तलवार घडवण्याची कला २००६ साली चीनच्या राष्ट्रीय वारसा यादीत गेली. कौतुक सगळं पात्याचं. माझा जीव अडकतो तो म्यानाच्या पितळी पट्टीवर. पत्रा राळेत बसवायचा आणि छिन्नीवर हलके ठोके देत ड्रॅगनचा एकेक खवला उठवायचा; ठोका जरा जोरात बसला की खवला चेपलाच. जाळीकाम असेल तर आधी भोक, त्यातून करवतीचं पातं ओवायचं, मग कानशीने कडा घासत बसायचं. साच्यात ओतलेला ड्रॅगन स्वस्त पडतो, पण खवले कसे गुळगुळीत, पेंगुळलेले! कोरलेल्याची कड बोटाला लागते म्हणे. एवढं करून तलवार बहुधा भिंतीवरच टांगायची. मला तरी त्याचं मुळीच वाईट वाटत नाही.