‘संपलं’चं बटण

ऑनलाइन दुकान काढायचं म्हटलं की पहिला प्रश्न असतो, ‘सॉफ्टवेअर कुठलं घेऊ?’ मुलुंडच्या एका काकूंनी मला त्याच्या आधीचा प्रश्न शिकवला.

‘‘अगं, मला ते कार्ट का काय म्हणतात, ते करून दे ना,’’ काकू म्हणाल्या आणि माझ्यासमोर दोन उकडीचे मोदक ठेवले. वर साजूक तुपाची धार. आता सांगा, अशा क्लायंटला नाही कसं म्हणणार?

तसा माझा आणि सॉफ्टवेअरचा संबंध बेताचाच. मी लिहिते. लेखांच्या मानधनावर महिना निघत नाही, म्हणून लोकांच्या वेबसाइटचा मजकूरही लिहून देते. पण एकदा का तुम्ही कुणाच्या साइटचं ‘आमच्याविषयी’ लिहून दिलंत, की ‘तिला कॉम्प्युटरमधलं सगळं कळतं’ अशी सॉलिड हवा होते. काकू माझ्या कॉलेजमधल्या मैत्रिणीची आई. मुलुंड पूर्वेला त्यांच्या घरातूनच व्यवसाय चालतो. उकडीचे मोदक ताजे, जवळपास पोचवायचे. चकली, कडबोळी, मेतकूट कुरिअरने. ऑर्डरी फोनवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर, नोंद लाल पुठ्ठ्याच्या वहीत.

घरी आल्यावर मी ते केलं, जे आपण ऑफिसवाली मंडळी कुठल्याही संकटात करतो. एक्सेल शीट उघडली! डावीकडे फीचर्स, वर सॉफ्टवेअरची नावं, मध्ये हिरव्या-लाल खुणा. ओपन सोर्सवाल्यांचा जुना आधार म्हणजे २००० साली जर्मनीत सुरू झालेलं ओएसकॉमर्स. २००८ साली आलेलं मॅजेंटो, मोठ्या दुकानांसाठीचं. २०१८मध्ये ते अ‍ॅडोबीने विकत घेतलं. शॉपिफाय म्हणजे भाड्याचा गाळा. दरमहा भाडं भरा, झाडलोट त्यांची. वूकॉमर्स २०११चं. ते वर्डप्रेसच्या साइटला जोडायचं. सॉफ्टवेअर फुकट, पण फुकटात मिळालेल्या गाळ्याचंही लाइटबिल भरावंच लागतं. होस्टिंग, डोमेन, अपडेट्स, बॅकअप, सगळं आपल्या डोक्यावर.

पुढच्या रविवारी शीट घेऊन मी पुन्हा मुलुंडला. बोरिवलीहून मुलुंड म्हणजे नकाशावर अगदी शेजारी, मध्ये फक्त नॅशनल पार्क. पण ट्रेनने जायचं तर दादरला उतरा, वेस्टर्न सोडा आणि सेंट्रल पकडा. हे अंतर लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

काकूंनी माझं प्रेझेंटेशन शांतपणे ऐकलं. डिस्काउंट कूपन, विशलिस्ट, ‘हे घेणाऱ्यांनी तेही घेतलं’... मी जाम फॉर्मात होते. शेवटी त्यांनी विचारलं, ‘‘हे सगळं ठीक आहे गं. पण त्याला ‘संपलं’ म्हणता येतं का?’’

मला प्रश्नच कळला नाही. मग काकूंनी मागच्या गणेश चतुर्थीची गोष्ट सांगितली. आदल्या रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेजचा पाऊस. त्या उत्तरं देत होत्या, काका वहीत लिहीत होते, तिकडे मदतीच्या बायका नारळ खवत होत्या. या गडबडीत एक ऑर्डर फोनवर ‘हो’ म्हटली गेली आणि वहीत उतरलीच नाही. घाटकोपरचं घर, नैवेद्याचे एकवीस मोदक. दुपारी बारा वाजता फोन आला, ‘‘काकू, आरती थांबलीय.’’ घरात एकही मोदक शिल्लक नव्हता. काकू संध्याकाळी लोकलने घाटकोपरला गेल्या आणि माफी मागून आल्या.

‘‘पैसे परत दिले गं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पण बाप्पाचं ताट रिकामं राहिलं. ते कुठून परत देऊ?’’

माझ्या शीटमध्ये सत्तेचाळीस ओळी होत्या. त्यातली एकही या प्रश्नाचं उत्तर देत नव्हती.

बघायला गेलं तर ‘स्टॉक’ची सोय प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये असते. गोची वेगळीच आहे. शॉपिफायची गोष्ट सांगतात ना, की त्याच्या संस्थापकांनी २००४ साली आधी स्नोबोर्डचं ऑनलाइन दुकान काढलं आणि त्यातून पुढे हे सॉफ्टवेअर जन्मलं. स्नोबोर्ड गोदामात पडून असतो. दहा आहेत, एक विकला, नऊ उरले. सॉफ्टवेअरच्या डोक्यातला स्टॉक हा असा असतो. काकूंचे मोदक ऑर्डर येते तेव्हा जन्मलेलेच नसतात! त्यांचा स्टॉक म्हणजे चार बायकांचे आठ हात आणि पहाटे तीन ते दुपारी बारापर्यंतचा वेळ. त्यात होतात साधारण चारशे मोदक. म्हणजे मोजायचे होते ते डबे नव्हेत. मोजायचा होता एक दिवस.

हे डोक्यात शिरल्यावर बाकीचे फंडे पटापट क्लिअर होत गेले. आधी मी पाच, अकरा आणि एकवीसचे डबे अशी तीन प्रॉडक्ट्स केली होती. पण मग चारशे मोदक तीन डब्यांत आधीच वाटून ठेवावे लागतात. एकवीसचे डबे संपले आणि पाचचे पडून राहिले, तर माणूस रिकाम्या हाताने परत जाणार आणि मोदक उरणार. म्हणून विकायचा एकच नग, एक मोदक. कमीत कमी पाच घ्यायचे. आणि प्रत्येक तारीख हा त्याचा वेगळा प्रकार, प्रत्येक तारखेचा आकडा वेगळा. चतुर्थीला चारशे, संकष्टीला शंभर, इतर दिवशी काकूंची मर्जी.

आणखी एक गंमत कळली. आपण कार्टमध्ये वस्तू टाकली की ती आपली झाली असं आपल्याला वाटतं. तसं नसतं! वूकॉमर्समध्ये नुसतं कार्टमध्ये टाकल्याने स्टॉक कमी होत नाही. ऑर्डर दिली पण पैसे भरले नाहीत, तर माल किती मिनिटं राखून ठेवायचा ते दुकानदार ठरवतो. मुळात ६० मिनिटं असतात, आम्ही १५ केली. सणाच्या आदल्या रात्री तासभर कुणाच्या तरी ‘विचार करून सांगते’साठी एकवीस मोदक अडकवून ठेवणं परवडत नाही.

मग पोचवण्याचा प्रश्न. मी हौसेने एक प्लगिन आणलं, ‘तुमच्यापासून पंधरा किलोमीटरच्या आत डिलिव्हरी’ असं वर्तुळ आखणारं. त्या वर्तुळात आमची बोरिवली डौलात आली. सरळ रेषेत मोजलं तर बारा-तेरा किलोमीटरच की! पण त्या रेषेवर नॅशनल पार्क आहे. मोदक घेऊन बिबट्यांमधून कोण जाणार? वर्तुळ गेलं, पिनकोड आले. ४०००८० आणि ४०००८१ मुलुंड, ४०००७७ आणि ४०००८६ घाटकोपर. आपण फॉर्मवर सवयीने लिहितो तो हा सहा आकडी पिनकोड श्रीराम भिकाजी वेलणकरांच्या डोक्यातून आला. टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी. १५ ऑगस्ट १९७२ला तो सुरू झाला. आज अर्ध्याअधिक ऑनलाइन दुकानांचा गाडा त्यावर चालतो.

पिनकोडने आम्हाला आणखी एका खड्ड्यातून वाचवलं. खरं तर आधी ढकललं, मग वाचवलं. काकूंची उलाढाल छोटी, जीएसटीच्या ४० लाखांच्या मर्यादेच्या पार खाली. पण ही सवलत राज्यातल्या राज्यात. करपात्र माल दुसऱ्या राज्यात विकला, तर उलाढाल कितीही असो, नोंदणी घ्यावीच लागते. वेबसाइटला मात्र राज्याची हद्द कळत नाही, बंगळुरूचा माणूसही चकली मागवू शकतो. म्हणून मी अक्कल लढवून कुरिअरसाठी ४० ते ४४ने सुरू होणारे पिनकोड उघडे ठेवले. महाराष्ट्र संपला, काम संपलं. चाचणीसाठी मैत्रिणीच्या मडगावच्या मावशीने ऑर्डर टाकली, तर ती बिनदिक्कत गेली! ४०३ म्हणजे गोवा, आणि तो बरोबर आपल्या मधोमध बसलाय. तेव्हा ४०३ बंद. मावशी रुसल्या. काकू म्हणाल्या, ‘‘धंदा वाढला की नोंदणी घेऊ, पहिलं पार्सल तुम्हालाच.’’

काकांनाही नोकरी लागली. २०२०च्या ई-कॉमर्सच्या ग्राहक संरक्षण नियमांप्रमाणे दुकानाचं नाव, पत्ता, परताव्याच्या अटी साइटवर ठळक द्याव्या लागतात आणि तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो. तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत, निवारण महिन्याभरात. बँकेतून रिटायर झालेल्या काकांनी हे पद इतकं मनावर घेतलंय, की तक्रार येत नाही याचीच त्यांना तक्रार आहे.

राहता राहिलं ‘कुठलं सॉफ्टवेअर?’ इथे एक कबुली. याच दरम्यान भाड्याची दुकानं विकणाऱ्या एका एजंटचा मला फोन आला होता. काकूंना त्यांच्या वर्षभराच्या प्लॅनवर आणलं तर मला कमिशन. ते माझ्या फीपेक्षा जास्त होतं. दोन रात्री मी माझ्या शीटमध्ये त्या दुकानाच्या बाजूने हिरव्या खुणा शोधत होते, आणि गंमत म्हणजे त्या सापडतही होत्या. तिसऱ्या दिवशी काकूंना सांगून टाकलं. त्या क्षणभर थांबल्या. ‘‘घे की कमिशन. पण माझे मोदक तिथे मोजले जातात का?’’

ओढूनताणून मोजले गेले असते. पण काकूंचं दुकान पाच महिने जागं आणि सात महिने झोपलेलं. झोपलेल्या दुकानाचं भाडं कशाला? वर त्या प्लॅनमध्ये बाहेरचं पेमेंट गेटवे वापरलं की प्रत्येक ऑर्डरमागे वेगळं शुल्क. आम्ही वूकॉमर्स घेतलं. ते सगळ्यांनी घ्यावं असं मुळीच नाही. बारा महिने चालणारं दुकान असेल आणि अपडेट करायला घरात कुणी नसेल, तर भाड्याचा गाळाच बरा. आमच्याकडे ते ‘कुणी’ म्हणजे मी. आता दर महिन्याला बॅकअप आणि अपडेटची हजेरी मला लावावी लागते.

आणि दर रविवारी सगळ्या ऑर्डरींची आणि गिऱ्हाइकांची यादी आम्ही उतरवून घेतो. मुंबईच्या बाझी डॉट कॉमचं २००४मध्ये ईबे झालं आणि ईबे इंडियाचं ते दुकान २०१८मध्ये बंद झालं. स्वतःच्या गाळ्याचंही तेच, मॅजेंटोच्या पहिल्या आवृत्तीचा आधार जून २०२०मध्ये संपला. दुकान कुठेही असो, वही आपल्या घरात हवी.

मागच्या संकष्टीला पहिली खरी परीक्षा झाली. आकडा शंभर. सकाळी अकराच्या सुमारास पाटी झळकली, ‘आजचे मोदक संपले.’ ‘आउट ऑफ स्टॉक’ काढून हे शब्द मी मुद्दाम टाकले होते. पाच मिनिटांत काकूंचा फोन वाजला. जुन्या शेजारीणबाई. ‘‘अहो, साइट संपले म्हणतेय, पण आमचे अकरा होतील ना?’’

मी काकूंकडे बघत होते. आजवर त्यांनी कुणाला नाही म्हटलेलं नव्हतं. घाटकोपरचं ते ताट त्यातूनच तर रिकामं राहिलं होतं.

‘‘नाही हो, खरंच संपले,’’ काकू म्हणाल्या. ‘‘पुढच्या संकष्टीची तारीख उघडी आहे, तिथे टाका. तुमचे म्हणजे तुमचेच राहतील.’’ फोन ठेवला आणि पदराने कपाळ पुसलं. मग स्वयंपाकघरात जाऊन माझ्यासाठी वाटीत दोन मोदक घेऊन आल्या.

‘‘काकू, हे शंभरातले?’’

‘‘छे! तुझे मी आधीच बाजूला काढलेत,’’ त्या म्हणाल्या, ‘‘ते तुझ्या त्या कार्टात धरायचे नाहीत.’’