ठाण्याची मुळं गावात

महाराष्ट्र पोलिसांचा इतिहास सांगायला बसलं, की सुरुवात बहुधा मुंबईपासून होते. आमच्या मुखेड-कंधार-देगलूर भागाचा धागा मात्र हैदराबादेत सापडतो. नांदेड-लातूरच्या ठाण्यांत नोकरी केली आणि निवृत्तीनंतर या दलाच्या इतिहासाचा अभ्यास धरला. त्यातून एक गोष्ट मनाशी पक्की झाली. राजवटी, कायदे, गणवेश सगळं बदललं; ठाण्याचा जीव मात्र गावातच राहिला.

निजामाचे दिवाण पहिले सालारजंग यांनी 1865 साली निजामी मुलखात जिल्हाबंदी केली, म्हणजे मुलखाची जिल्ह्यांत विभागणी केली, आणि त्यातूनच शिस्तीचं पोलीस दल आकाराला आलं. जिल्ह्याला मोहतमीम, खाली अमीन, त्याच्या हाताखाली जमादार आणि जवान. वर हैदराबादेत जिल्हा पोलिसांचा नाजिम. राजधानीचा कोतवाल वेगळा. सर्फेखास म्हणजे निजामाचा खासगी मुलूख, पायगा सरदारांचे इलाखे आणि बड्या जहागिरी यांत आपापला बंदोबस्त असे, त्यामुळे शीव ओलांडली की अंमलही बदले. गावात दोन पाटील असत: शेतसाऱ्याचं पाहणारा माली पाटील आणि बंदोबस्ताचा पोलीस पाटील. दोन्ही कामं वतनाची, बापाकडून लेकाकडे जाणारी.

पुढे निजामाच्या बाजूने उभ्या राहिलेल्या रझाकारांच्या धुमाकुळात रयतेचा या यंत्रणेवरचा विश्वास उडाला. 13 ते 17 सप्टेंबर 1948 या दिवसांत भारतीय फौजेने हैदराबाद संस्थानावर कारवाई केली, तिलाच आपण ‘पोलीस ॲक्शन’ म्हणतो. त्यानंतर दलाची घडी नव्याने बसवण्यासाठी इतर प्रांतांतून अधिकारी आणावे लागले. लोकांचा विश्वास मात्र असा बाहेरून आणता येत नाही. तो गावोगाव हिंडूनच मिळवावा लागला.

1 नोव्हेंबर 1956 रोजी हैदराबाद राज्य तीन वाटांनी गेलं. देगलूर तालुक्यातली बिचकुंदा आणि जुक्कल ही मंडळं आंध्रात गेली. बिदर जिल्ह्यातले उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके आपल्याकडे आले. कालपर्यंत शेजारच्या तालुक्यात पळणारा चोर आता परराज्यात पळू लागला. मुक्रमाबादकडून कर्नाटकातल्या औरादला जाणाऱ्याला रस्ता तोच, पण तपासाला जाणाऱ्या हवालदाराला वरिष्ठांची परवानगी हवी, तिथल्या ठाण्यात नोंद हवी आणि कानडी समजणारा कोणीतरी सोबत हवा. सोयरीक आणि बाजार मात्र सीमेच्या दोन्ही बाजूंना चालूच आहेत. म्हणून इथे शेजारच्या ठाण्यांशी घरोबा ठेवणारा अंमलदारच तपास तडीला नेतो.

1967 च्या महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियमानंतर वतनाची जागा नेमणुकीने घेतली. आज पोलीस पाटील परीक्षा देऊन, प्रांताधिकाऱ्याच्या हुकमाने येतो; बायाही हे काम नेटाने करतात. विहिरीत प्रेत दिसलं, की पहिली खबर पाटलाची. पोलीस पोहोचेपर्यंत काठावरची चप्पल, दोर, पायांचे ठसे कोणी हलवू नयेत, ही जबाबदारी त्याचीच. मग अकस्मात मृत्यूची नोंद आणि पंचांसमक्ष पंचनामा. ती चप्पल कोणी उचलून बाजूला ठेवली, तर घात की अपघात हे ठरवताना मोठा तपासी अधिकारीही चाचपडत राहतो.

ठाण्यात गावगुन्हे नोंदवही असते. गावातले जुने गुन्हे, तंटे, शिक्षा झालेले लोक यांची त्या गावापुरती कुंडलीच ती. नेमून दिलेली गावं सांभाळणारा नवा बीट अंमलदार ती वाचून गावात गेला, तर बांधावरच्या भांडणामागे किती वर्षांचं वैर आहे हे त्याला आधीच ठाऊक असतं, आणि कुऱ्हाड निघण्याआधी तो दोन्ही भावकींना समोरासमोर बसवू शकतो.

आता ठाण्यात संगणक आला, गुन्हा ऑनलाइन नोंदला जातो, कॅमेरे लागले. हे सगळं हवंच. पण पाटलाची जागा रिकामी ठेवायची, बीटचा माणूस गावं ओळखू लागला की त्याची बदली करायची आणि मग खबर मिळत नाही म्हणून तक्रार करायची, हे थांबलं पाहिजे. पाटलाला वेळेवर मानधन द्या, बीट अंमलदाराला पुरेसा काळ एका जागी राहू द्या, महिन्याच्या बैठकीत पाटलांना नुसत्या सूचना न देता त्यांचं ऐकून घ्या. मराठवाड्याच्या ठाण्यांना बळ द्यायचं, तर कामाची सुरुवात इथून करावी लागेल.