तुटक रेष नसलेलं चित्र

पुराणवस्तूंचं रेखाटन हा माझा व्यवसाय. उत्खननातून निघालेली खापरं, मणी, हाडांच्या सुया, भिंतींचे पाये, चरांचे छेद हे सारं मोजून, प्रमाणात कागदावर उतरवायचं. मडक्याचं चित्र काढताना मधोमध एक उभी रेष घेतात. तिच्या एका अंगाला मडकं बाहेरून कसं दिसतं ते आणि दुसऱ्या अंगाला त्याचा छेद. पण मडकं पूर्ण असतं कुठे? बहुतेक वेळा हाती येतो तो काठाचा तुकडा. त्याच्या वक्रतेवरून तोंडाचा व्यास काढता येतो, पण बुडाबद्दल तो काही सांगत नाही. म्हणून आमच्याकडे पहिला नियम शिकवतात तो असा की खापर संपलं की अखंड रेष संपली. पुढे काही दाखवायचंच असेल तर तुटक रेष. वाचणाऱ्याला एका दृष्टिक्षेपात कळतं, इथवर पुरावा आणि इथून पुढे अंदाज.

कॉमिक्सच्या चित्रकाराला ही सोय नाही. ‘अ‍ॅगमेम्नॉन सिंहासनावर बसला’ एवढं लिहून इतिहासकार किंवा कवी पुढे जाऊ शकतो. चित्रकाराला सिंहासन लाकडी की दगडी, जमीन सारवलेली की रंगवलेली, राजाला मिशी होती की नुसती दाढी, दिवा कुठे टांगलेला, हे सगळं ठरवावंच लागतं, तेही अखंड रेषेत. म्हणूनच एरिक शॅनोवर या अमेरिकन चित्रकाराची ‘एज ऑफ ब्राँझ’ ही ट्रॉयच्या युद्धावरची चित्रमालिका मी माझ्या धंद्यातलं काम म्हणून वाचतो. न दिसणारी गोष्ट जबाबदारीनं कशी दाखवावी, हे मला तिच्याइतकं दुसऱ्या कुठल्या पुस्तकानं शिकवलेलं नाही.

शॅनोवर त्याआधी ओझच्या परीकथांवरच्या चित्रकादंबऱ्यांसाठी ओळखला जाई. राज्यकर्ते स्वतःच्याच हिताविरुद्ध का वागतात, याचा शोध घेणारं बार्बरा टकमन यांचं ‘द मार्च ऑफ फॉली’ हे पुस्तक 1991मध्ये त्याच्या कानावर पडलं. त्यात ट्रॉयच्या लाकडी घोड्यावर एक प्रकरण आहे. तिथून त्यानं ठरवलं की ट्रॉयची सगळी कथा, सगळ्या परंपरांतली, एका सूत्रात चित्रित करायची. अभ्यासात वर्षं गेली आणि 1998मध्ये इमेज कॉमिक्सनं पहिला अंक काढला. सात खंडांचा बेत होता. 2013पर्यंत तेहतीस अंक झाले आणि ते ‘अ थाउजंड शिप्स’, ‘सॅक्रिफाइस’ आणि दोन भागांतलं ‘बिट्रेयल’ अशा खंडांत बांधले गेले. उत्कृष्ट लेखक-चित्रकार म्हणून 2001 आणि 2003 असा दोनदा त्याला कॉमिक्ससाठीचा आयस्नर पुरस्कार मिळाला. मूळ अंक काळ्या शाईतले. रंगाचा आधार नाही, सगळा भार रेषेवर.

एकाच माणसानं लिहून चितारलेली ही कथा एका ग्रंथावर उभी नाही. होमरचं ‘इलियड’ युद्धाच्या दहाव्या वर्षातल्या जेमतेम काही आठवड्यांची गोष्ट सांगतं. ट्रॉयचा राजपुत्र पॅरिस याचं गुराखीपण, त्यानं हेलनला पळवणं, मुलीच्या वेषात लपवलेला अकिलीस, युद्ध टाळण्यासाठी वेडाचं सोंग घेणारा ओडिसियस हे सगळं इतर ग्रंथांतून आणि नाटकांतून येतं. ट्रॉयलस आणि क्रेसिडा यांची प्रेमकथा तर बाराव्या शतकातल्या फ्रेंच कवितेत आकाराला आली आणि पुढे चॉसर आणि शेक्सपिअरपर्यंत पोचली. शॅनोवर हे सारे धागे घेतो, पण पोशाख मात्र एकाच काळाचा चढवतो. तो काळ कांस्ययुगाच्या अखेरचा, इसवी सनापूर्वी तेराव्या शतकाच्या आसपासचा. ग्रीस म्हटलं की डोळ्यांसमोर येणारे संगमरवरी खांब आणि पांढरे पुतळे या पानांवर कुठेच नाहीत. ते आणखी सातआठशे वर्षांनी यायचे होते.

दुसरा मोठा निर्णय देवांचा. या मालिकेत देव रणांगणावर उतरत नाहीत. ते दिसले तर कुणाच्या स्वप्नात, कुणाच्या तोंडच्या गोष्टीत किंवा भविष्यवाणीत. अर्धे घोडे आणि अर्धी माणसं असलेले सेंटॉर इथे डोंगरात राहणारी केसाळ, रानवट माणसं होऊन येतात. यानं कथा कोरडी होत नाही, उलट तिचं ओझं माणसांच्या खांद्यावर येतं. औलिसच्या बंदरात वारा पडलेला आहे, ग्रीकांचं आरमार अडकलंय आणि त्यांचा सेनापती अ‍ॅगमेम्नॉन यानं स्वतःच्या मुलीचा, इफिजेनियाचा बळी द्यावा असा कौल निघतो. एका परंपरेत शेवटच्या क्षणी देवी तिला उचलून नेते आणि वेदीवर हरिणी ठेवते. आकाशातून देवी येणारच नसेल, तर उरतो फक्त बाप, मुलगी आणि वाट पाहणारं सैन्य. देवांना बाजूला ठेवण्याची किंमत शॅनोवरनं दुसऱ्या खंडात पुरेपूर मोजली आहे. ती पानं वाचताना प्रत्येक वेळी माझा हात थांबतो.

आता पुराव्याकडे येऊ. तुर्कस्तानच्या वायव्य टोकाला, दार्दानेल्सच्या सामुद्रधुनीजवळ हिसार्लिक नावाची टेकडी आहे. हाइनरिख श्लीमाननं 1870च्या दशकात ती खणली. एकावर एक वसलेली नऊ नगरं तिच्यात आहेत. श्लीमानला 1873मध्ये सोन्याचा साठा सापडला आणि हा ट्रॉयचा राजा प्रायम याचा खजिना असं त्यानं जाहीर केलं. तो थर प्रायमच्या मानल्या जाणाऱ्या काळाच्या हजार वर्षांहून अधिक आधीचा होता. पुढे विल्हेल्म ड्यॉर्पफेल्डनं सहाव्या नगराकडे बोट दाखवलं. 1932 ते 1938 या काळात खणणाऱ्या कार्ल ब्लेगननं सातव्याच्या पहिल्या टप्प्याचा कौल दिला. 1988पासून मानफ्रेड कोर्फमाननं बालेकिल्ल्याबाहेरच्या खालच्या वस्तीचा माग काढला आणि ट्रॉयचा पसारा एकदम वाढला.

शॅनोवरच्या ट्रॉयला तटबंदी आहे ती सहाव्या नगराची. सातव्यातल्या लोकांनीही तीच वापरली. घडीव चुनखडीची ही भिंत पायथ्याला बाहेर झुकलेली आहे आणि ठरावीक अंतरावर तिला उभी खाच दिलेली आहे. ऊन कलतं तेव्हा प्रत्येक खाचेची उभी सावली भिंतीवर पडते. काळ्या शाईत काम करणाऱ्याला याहून मोठी देणगी नाही, कारण तेवढ्या सावल्यांनी भिंत ओळखू येते. पण आज उरलाय तो फक्त दगडी भाग. त्यावर कच्च्या विटांचं बांधकाम होतं, ते पावसापाण्यात विरघळून गेलं. ते किती उंच होतं, वर कंगोरे होते की सपाट चालण्याची वाट, हे मी माझ्या कागदावर तुटक रेषेत दाखवेन. शॅनोवरला मात्र तिथं माणसं उभी करायची आहेत, हेलनला तिथून खाली सैन्य बघायचं आहे.

मग तो काय करतो? शेजाऱ्याचा पुरावा घेतो. कांस्ययुगातल्या ट्रॉयमधलं भित्तिचित्र आपल्यापर्यंत आलेलं नाही. पण पूर्वेला हित्ती साम्राज्य होतं आणि त्याच्या दफ्तरात विलुसा नावाच्या राज्याचा उल्लेख आहे. बहुतेक अभ्यासक विलुसा म्हणजेच ट्रॉय मानतात. हित्ती राजा दुसरा मुवातल्ली यानं विलुसाच्या अलक्सांडू नावाच्या राजाशी केलेला तह उपलब्ध आहे. 1995मध्ये हिसार्लिकला एक लहानसं कांस्याचं मुद्रांक सापडलं, त्यावरची चित्रलिपी अनातोलियातल्या लुवियन भाषेची आहे. या खुणा ट्रॉयचं तोंड पूर्वेकडे वळवतात. म्हणून शॅनोवरच्या ट्रॉयमधली वस्त्रं, टोप्या आणि दागिने हित्ती शिल्पांच्या वळणाचे आहेत, आणि समुद्र ओलांडून येणाऱ्या ग्रीकांचा पेहराव ग्रीसमधल्या मायसीनी, पायलॉस इथल्या अवशेषांवरून घेतलेला आहे. शत्रू कोण आणि आपला कोण हे शब्दांशिवाय कळतं. पुराव्यानं इथे कथनाला हात दिला आहे.

एक वस्तू जरा जवळून बघू. ‘इलियड’च्या दहाव्या सर्गात रात्रीच्या टेहळणीला निघालेल्या ओडिसियसला मेरिओनीस आपलं शिरस्त्राण देतो. चामड्याची टोपी, आतून वाद्यांची ताणलेली वीण, मधे नमदा आणि बाहेरून रानडुकराचे पांढरे सुळे. होमरची काव्यं साधारण इसवी सनापूर्वी आठव्या शतकात आकाराला आली, तेव्हा असं शिरस्त्राण वापरातून जाऊन कित्येक शतकं लोटली होती. वाचणाऱ्यांना ती कविकल्पना वाटे. मग मायसीनीच्या थडग्यांत सुळ्यांच्या चपट्या पट्ट्या सापडल्या आणि हस्तिदंतात कोरलेली, अशीच टोपी घातलेली मुंडकीही मिळाली. सुळा उभा चिरून पट्ट्या काढायच्या, कडांना भोकं पाडायची आणि ओळीनं शिवायच्या. एका ओळीतल्या पट्ट्यांचा बाक डावीकडे असेल तर पुढच्या ओळीत उजवीकडे. एका टोपीला तीसचाळीस रानडुकरांचे सुळे लागत, म्हणजे ती डोक्यावर असणं हीच शिकाऱ्याची आणि सरदाराची पत होती. शॅनोवर अशी शिरस्त्राणं चौकटीमागून चौकटीत काढतो, पट्टी न पट्टी. घाईत काम करणाऱ्यानं चार रेघोट्या मारून भागवलं असतं. त्याच्या पानावर ती वस्तू शिवलेली आहे हे कळतं.

आणखी एक उदाहरण माझ्या मनात नेहमी असतं. मायसीनीच्या सिंहद्वारावर, इसवी सनापूर्वी 1250च्या सुमारास, खांबाच्या दोन्ही बाजूंना पुढचे पाय टेकवून उभे दोन प्राणी कोरले आहेत. त्यांची डोकी वेगळ्या तुकड्यांची होती, ती केव्हाच गेली. फोटो काढणारा त्यांना बिनडोक्याचं दाखवतो आणि ते खरंच आहे. पण अ‍ॅगमेम्नॉन त्या दारातून बाहेर पडतोय असं काढायचं, तर डोकी द्यावीच लागतात, आणि ती समोर बघतायत की बाजूला हेही ठरवावं लागतं. अशा वेळी चित्रकाराचा प्रामाणिकपणा एकाच गोष्टीत उरतो. जे ठरवलं ते पुढच्या प्रत्येक पानावर पाळायचं आणि कुठून घेतलं ते सांगायचं. शॅनोवरच्या प्रत्येक खंडाच्या शेवटी वंशावळी, नावांची सूची आणि लांबलचक ग्रंथसूची असते. त्याची तुटक रेष ती.

1998मध्येच फ्रँक मिलरची ‘300’ ही थर्मोपिलीच्या लढाईवरची मालिका आली आणि चित्रपटामुळे घराघरात पोचली. मिलरचे स्पार्टन जवळजवळ उघडेच लढतात. ग्रीक मडक्यांवरच्या चित्रांत वीरांना नग्न दाखवण्याची रीत होती, मिलरनं तिला दृश्याचं बळ दिलं. प्रत्यक्षातला हॉप्लाइट, म्हणजे ग्रीक पायदळ सैनिक, मोठी ढाल आणि कांस्याचं शिरस्त्राण घेऊन ओळीत उभा राही. 2013मध्ये कीरन गिलन आणि रायन केली यांनी ‘थ्री’ ही मालिका काढली. तिचे नायक स्पार्टाचे गुलाम, हेलॉट, आणि स्पार्टाचे अभ्यासक स्टीफन हॉडकिन्सन तिचे ऐतिहासिक सल्लागार होते. मिलरच्या पानांची ताकद मी नाकारत नाही. पण ती पानं ग्रीकांनी स्वतःचा मिरवलेला चेहरा दाखवतात. शॅनोवर आणि गिलन त्या चेहऱ्यामागचं घर, कोठार आणि स्वयंपाकघर दाखवतात. माझा कौल दुसऱ्या वाटेला आहे.

अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात मायसीनीचं एक मोठं मडकं आहे, योद्ध्यांचं मडकं म्हणून ते ओळखलं जातं. इसवी सनापूर्वी बाराव्या शतकातलं. त्यावर शिंगांची शिरस्त्राणं घातलेले दाढीवाले सैनिक एका ओळीत निघालेत, प्रत्येकाच्या भाल्याला शिदोरीची पिशवी अडकवलेली. सगळ्यात मागे डाव्या टोकाला एक बाई हात वर करून उभी आहे. तिचं नाव कुणी लिहिलेलं नाही. ‘एज ऑफ ब्राँझ’मध्ये राजे आणि वीर यांच्याइतकीच जागा अशा बायकांना मिळते. अ‍ॅगमेम्नॉनची राणी क्लायटेम्नेस्ट्रा, पॅरिसची पहिली बायको ईनोनी, प्रायमची मुलगी कसँड्रा यांचे चेहरे चित्रकारानं इतक्या बारकाईनं सांभाळलेत की संवाद झाकले तरी राग आणि भीती वेगळी कळते.

ट्रॉयची तटबंदी उभी होती त्याच काळात पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगावला लोक राहत होते. डेक्कन कॉलेजनं 1968पासून तिथं केलेल्या उत्खननात कुडाच्या घरांचे पाये, धान्याची कोठारं आणि तांबड्यावर काळी नक्षी असलेली जोर्वे मडकी मिळाली. लहान मुलांना मडक्यात घालून घराच्या जमिनीखाली पुरत, मोठ्यांना पुरताना पाय घोट्याखाली तोडत. ट्रॉयला होमर मिळाला, म्हणून तिथं नावं आहेत, भाषणं आहेत, भांडणं आहेत. इनामगावकडे चुली, मडकी आणि हाडं आहेत, पण एकही नाव नाही. शॅनोवरनं नावांसाठी वस्तू शोधल्या. आपल्याला वस्तूंसाठी माणसं शोधावी लागतील. आपल्याकडच्या चित्रकथांत पुराणं आणि राजेरजवाडे भरपूर आले, तेही बहुधा राजा रविवर्म्याच्या रंगांत आणि दागिन्यांत. नदीकाठच्या या बिननावाच्या शेतकऱ्यांवर मात्र अशी दीर्घ मालिका व्हायची राहिली आहे.

ती करण्यासाठी लागणारं सामान उत्खननाच्या अहवालांत छापून पडलेलं आहे. तोटीच्या मडक्याचं मोजमाप आहे, घराचा नकाशा आहे, कोठाराचा व्यास आहे, कोणतं धान्य पिकत होतं तेही आहे. पद्धत शॅनोवरनं घालून दिली आहे. आधी आपल्या थरातला पुरावा, तो संपला की त्याच काळातला शेजाऱ्याचा, तोही संपला की एकच अंदाज, आणि तो शेवटच्या पानापर्यंत पाळायचा. शेवटी सगळ्या उसनवारीचा हिशेब वाचकापुढे ठेवायचा. एवढं करणाऱ्या तरुण चित्रकाराला मी माझी सगळी ट्रेसिंग्ज द्यायला तयार आहे, तुटक रेषांसकट. त्या अखंड करण्याचं धाडस त्यानं करावं, पुराव्याच्या जवळ उभं राहून.